काप्पाबाशीत सुरी घेताना

आईसाठी जपानी सुरी आणायची, हे टोकियोला निघण्याआधीच ठरलं होतं. गिन्झाच्या मोठ्या स्टोअर्समध्येही चांगल्या सुऱ्या मिळतात. पण या शहरात एकेका मालाची वेगळी पेठ आहे: जुनी पुस्तकं जिम्बोचोत, इलेक्ट्रॉनिक्स अकिहाबारात, आणि स्वयंपाकघरातलं सगळं काप्पाबाशीत. म्हणून मी तिथेच गेलो.

गिन्झा लाइनच्या तावारामाची स्टेशनवरून थोडं चाललं की एका इमारतीवर शेफचं प्रचंड डोकं दिसतं. तिथून सुमारे ८०० मीटर नुसती भांड्याकुंड्यांची दुकानं. मुख्य गिऱ्हाईक हॉटेलवाले, त्यामुळे रविवारी बरीच दुकानं बंद असतात आणि एरवीही संध्याकाळी लवकर आवरतात. सकाळीच जावं.

दुकानदाराने फोनवर भाषांतर करत आधी विचारलं, काय चिरणार? आमच्याकडे भाजी आणि मासे दोन्ही, म्हणून त्याने 'सांतोकू', म्हणजे सगळ्या कामांना चालणारी सुरी, पुढे ठेवली. पुढचा प्रश्न मला फार आवडला: वापरणारी व्यक्ती डावखुरी आहे का? आई डावखुरीच. एका बाजूनेच धार असलेल्या पारंपरिक सुऱ्या सहसा उजव्या हातासाठी घडवतात; डावखुऱ्यांच्या वेगळ्या असतात आणि महाग पडतात. सांतोकूला दोन्हीकडून धार, त्यामुळे ती अडचण मिटली.

मग पोलाद. कार्बन स्टीलला धार झकास येते, पण चिरून झालं की लगेच धुऊन पुसावं लागतं. कैरी-लिंबाचा आंबटपणा आणि रत्नागिरीची पावसाळी हवा, पातं गंजायला वेळ लागणार नाही. मी स्टेनलेस घेतली, आणि कोकणात राहणाऱ्या कुणालाही तीच घ्यायला सांगेन. सोबत १००० नंबरचा, म्हणजे मध्यम खरखरीत, धारेचा दगड घेतला. नारळ, हाडं, फ्रीजरमधलं गोठलेलं काही या सुरीने तोडायचं नाही, पात्याचा टवका उडतो; हे त्याने दोनदा बजावलं.

पैसे देताना पासपोर्ट दाखवला. कर सोडून ५,००० येनांच्या वर खरेदी होती, म्हणून १० टक्के उपभोग कर तिथेच वजा झाला. ही सवलत पर्यटकांना, आणि तीही ठरावीक दुकानांत. नियम बदलत असतात, तेव्हा आधी विचारून घ्या. सुरी चेक-इन बॅगेतच टाका, आणि दगडाचं वजन धरून बॅग भरा.