नाथसागराचा कॅमेरा आणि सप्त्याचा कॅमेरा

गेल्या डिसेंबरात आठ दिवस माझ्या टेबलावर दोन जुने कॅमेरे शेजारी शेजारी होते. निकॉनचा डी९० आणि निकॉनचाच डी७००. दोन्ही २००८ साली बाजारात आलेले, दोन्ही बारा मेगापिक्सेलचे आणि दोन्हींना चालणारी बॅटरी एकच, ईएन-ईएल३ई. एक चार्जर लावला की दोघांचं काम भागायचं. या बॅटरीचा विषय पुढे परत येणार आहे.

मी पैठण तालुक्यात शाळेवर विज्ञान शिकवतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. तिच्या प्रकल्पाचा विषय नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावरचे पाणथळ पक्षी. मोबाईलवर काढलेल्या फोटोत पक्षी म्हणजे नुसते ठिपके येत होते. शिष्यवृत्तीतून आणि आईच्या शिवणकामातून तिनं पंधरा हजार जमवले होते. मलाही कॅमेरा हवाच होता, पण कारण वेगळं. माझे मामा पखवाज वाजवतात. वय चौऱ्याहत्तर. पन्नास वर्षं सप्त्यांमधून वाजवत आले, आणि त्यांचा वाजवतानाचा एकही धड फोटो घरात नाही. जे आहेत त्यांत फ्लॅशनं पांढरा पडलेला चेहरा आणि मागे काळोख. माझ्याकडे तीस हजार होते.

डी९० आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका सरांचा होता. बॉडी आणि सोबत ७०-३०० मिलिमीटरची व्हीआर लेन्स (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी), सगळं मिळून पंधरा हजार. डी७०० छत्रपती संभाजीनगरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे होता. नुसती बॉडी अठ्ठावीस हजार. दोघांनीही आठ दिवस वापरून बघायला दिला. तेवढा विश्वास अजून आमच्या भागात टिकून आहे.

घरी आणल्या दिवशी माझी ती विद्यार्थिनी दोन्ही कॅमेरे हातात घेऊन बघत होती. डी७०० ची नुसती बॉडी एक किलोला पाच ग्रॅम कमी, आतून मॅग्नेशियमचा सांगाडा. डी९० सहाशे वीस ग्रॅमचा. डी७०० खाली ठेवत ती म्हणाली, "सर, खरा कॅमेरा हा. माझा आपला कामापुरता." ती हसूनच म्हणाली, पण ते मला लागलं. पैसे कमी म्हणून माणसाच्या वाट्याला दुय्यम वस्तू येते हे आमच्या मुलांना लहानपणापासून माहीत असतं. म्हणून ठरवलं की कोणाचं काय ऐकायचं नाही, दोन्ही कॅमेरे दोन्ही कामांना लावून बघायचे.

आधी तपासणी. जुना कॅमेरा घेणाऱ्यानं एवढं तरी करावंच. शटर किती वेळा पडलंय हे फोटोसोबत आपोआप नोंदल्या जाणाऱ्या एक्झिफ माहितीतून कळतं, संगणकावर पाहता येतं. डी९० चा आकडा एकसष्ट हजारांवर होता, डी७०० चा शहाण्णव हजारांवर. कंपनीनं चाचणी घेतलेली मर्यादा अनुक्रमे एक लाख आणि दीड लाख, म्हणजे दोन्हींचं आयुष्य साधारण सारखंच सरलेलं. मग एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरची धूळ बघितली. आपल्याकडे धूळ असणारच, आणि ती साफ होते. लेन्सचं झाकण लावून तीस सेकंदांचं एक्स्पोजर दिलं, कायम पेटलेले पिक्सेल त्यात दिसतात. डी७०० मध्ये सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) हे जुन्या पद्धतीचं कार्ड लागतं, त्याच्या खाचेतल्या बारीक पिना वाकल्या आहेत का ते टॉर्च लावून निरखलं. पीन वाकलेली असेल तर तो कॅमेरा घेऊच नये. मागचं अंगठ्याखालचं रबर मात्र फुगून सुटलं होतं. या काळातल्या निकॉनमध्ये हे सर्रास होतं, आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या कॅमेऱ्यात जास्तच. पाचशे रुपये त्यावर कमी करून घेतले. मेनूत 'बॅटरी इन्फो' उघडली की बॅटरीचं वय शून्य ते चार असं दिसतं, शून्य म्हणजे नवी, चार म्हणजे बदलायला आलेली. डी७०० ची एकवर होती, डी९० ची तीनवर.

शनिवारी पहाटे आम्ही बॅकवॉटरच्या काठावर होतो. सोबत तिचा धाकटा भाऊ. जायकवाडीचा जलाशय मोठा आहे, पण बराचसा उथळ, आणि पाणी ओसरलं की मैलभर गाळ उघडा पडतो. म्हणून तर हिवाळ्यात इथं एवढे पक्षी उतरतात. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे. त्या दिवशी शेकाटे होते, चित्रबलाक होते, चमचे होते आणि दूर गाळावर पट्टकादंबांचा एक थवा बसलेला. हा पक्षी हिमालय ओलांडून येतो. नववीच्या वर्गात मी हे दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी सांगताना माझ्याच अंगावर काटा येतो.

थवा साधारण पंचेचाळीस मीटरवर होता. गाळात आणखी पुढं गेलो असतो तर तो उडाला असता, आणि पक्षी उडवून फोटो काढायचा नाही हा तिचा नियम. जागा तीच, लेन्स तीच ७०-३००, पूर्ण ३०० वर ओढलेली. आधी डी९० लावून दहा फोटो, मग डी७०० लावून दहा. घरी येऊन मोठ्या पडद्यावर एकच पक्षी दोन्ही फोटोंत चोचीपासून शेपटीपर्यंत मोजला. डी९० च्या फोटोत तो नऊशे पिक्सेल लांब भरला, डी७०० च्या फोटोत पाचशे पंच्याऐंशी.

ती दोन वेळा मोजायला बसली.

कारण सोपं आहे. लेन्स पक्ष्याची सेन्सरवर जेवढी प्रतिमा पाडते तेवढीच पाडते, पाच मिलिमीटर म्हणा. त्या पाच मिलिमीटरात किती पिक्सेल बसलेत हा खरा प्रश्न. डी७०० चा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, जुन्या फिल्मएवढा. डी९० चा त्याच्या निम्म्याहूनही लहान, पण पिक्सेल तेवढेच, बारा मेगापिक्सेल, म्हणजे दाटीनं बसलेले. डी७०० चा फोटो डी९० एवढा कापून घेतला तर हातात जेमतेम पाच मेगापिक्सेल उरतात. मोठ्या कॅमेऱ्यातून तेवढेच पिक्सेल पक्ष्यावर हवे असतील तर साडेचारशे मिलिमीटरची लेन्स लागते, आणि तिच्या किमतीत आमच्याकडे जुनी मोटारसायकल येते.

तिच्या कामात हे पिक्सेल शोभेचे नाहीत. भारतात येणाऱ्या काही पट्टकादंबांच्या मानेत मंगोलियात चढवलेला रंगीत पट्टा असतो, त्यावर अक्षर आणि आकडे. काही चिखल्या पक्ष्यांच्या पायात कडी असतात. तो आकडा वाचता आला तर पक्षी कुठून आला हे कळतं, नाही वाचता आला तर वहीत फक्त 'कडी दिसली' एवढंच लिहायचं. नऊशे आणि पाचशे पंच्याऐंशी यांत तोच फरक आहे.

एक गोष्ट मात्र डी७०० च्या बाजूनं होती आणि ती मी तिला सांगितली. उडत्या पक्ष्यावर फोकस धरून ठेवायला तो सरस आहे. त्याला एक्कावन्न फोकस बिंदू, त्यातले पंधरा क्रॉस प्रकारचे, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषांवर फोकस धरणारे. डी९० ला अकरा, आणि क्रॉस फक्त मधला एक. सुरय पाण्यावर सूर मारायला लागले तेव्हा डी९० चे निम्मे फोटो वाया गेले. तिनं थोडा विचार केला आणि बाकीचे बिंदू बंद करून फक्त मधला ठेवला, फोकस सतत चालू, शटरचा वेग १/१२५० सेकंद. दुसऱ्या दिवशी बरेच जमले. शिवाय गाळात दोन तास हातात धरून उभं राहायचं तर सहाशे ग्रॅम आणि हजार ग्रॅम यांत खांद्याला कळणारं अंतर आहे. एसडी कार्ड पैठणच्या कुठल्याही मोबाईलच्या दुकानात मिळतं, फक्त बत्तीस जीबीपर्यंतचंच घ्यावं. सीएफ कार्ड आणि त्याचा रीडर दोन्ही मला बाहेरून मागवावे लागले.

मंगळवारी मी मामांच्या गावी गेलो. दत्तजयंतीचा सप्ता बसला होता. पहाटे काकडा, दिवसा पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन. मारुतीच्या देवळापुढं मंडप, त्यात वरून टांगलेले एलईडीचे दिवे. कॅमेरा पाहिल्या पाहिल्या मामा म्हणाले, "तो फ्लॅश उडवू नको बरं का बाबा. महाराज बोलायले असतेत, त्यांचं ध्यान मोडतंय." मी म्हटलं, "नाही उडवत मामा, म्हणून तर हा आणलाय."

मी ५० मिलिमीटरची जुनी एफ/१.८ डी लेन्स नेली होती. या लेन्सला स्वतःची फोकस मोटर नसते, ती बॉडीत असावी लागते. डी९० आणि डी७०० दोन्हींत ती आहे. डी३००० किंवा डी५००० मध्ये नाही, तिथं ही लेन्स हातानं फिरवावी लागते. जुन्या स्वस्त लेन्सा वापरायच्या तर हे आधी बघावं.

पहिली रात्र डी९० वर काढली. दोन अडचणी आल्या. या सेन्सरवर ५० ची लेन्स ७५ सारखी वागते. टाळकऱ्यांच्या रांगेला पाठ लावून बसलो तरी चौकटीत एकटे मामा किंवा एकटे महाराज. मामा, त्यांच्या शेजारचे विणेकरी आणि मागे झुलणारी टाळकऱ्यांची ओळ हे एका फोटोत येईना, आणि मागं सरकायला जागा नाही, मागं बायाबापड्या बसलेल्या. दुसरं, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० वर नेल्यावर मामांच्या घोंगडीच्या काळ्यात हिरवे-जांभळे डाग उतरले. १६०० वर बरं होतं, पण मग वेग १/५० वर आला आणि मामांची मानही हलली.

दुसऱ्या रात्री डी७००. तिथं ५० म्हणजे ५०. त्याच जागेवरून तिघंही चौकटीत बसले. आयएसओ ३२००, एफ/२, वेग १/१००. घोंगडी काळीच राहिली, तिच्यातली लोकरीची वीण दिसली. पहाटे काकड्याला दिवे घालवले आणि फक्त निरांजनं राहिली तेव्हा ६४०० वर गेलो. थोडे दाणे आले, पण रंग फाटले नाहीत. मोठ्या सेन्सरवर एकेका पिक्सेलची जागा दुपटीहून जास्त, म्हणून तेवढ्याच वेळात त्याच्या पदरात उजेड जास्त पडतो. पक्ष्यांच्या वेळी जी विरळ पेरणी नडली होती तीच इथं कामाला आली. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या रूपात, काढलं की डी७०० चौदा बिटची फाईल देतो, डी९० बाराची. बिट जास्त तर उजेड-सावलीच्या पायऱ्या जास्त, आणि सावल्या वर उचलताना ते जाणवतं.

वेगाबद्दल एक सांगायचंच आहे, कारण माझे पहिले चाळीस फोटो यात गेले. मी आधी १/२५० ठेवला होता. पाठोपाठ काढलेल्या फोटोंत एक उजळ, एक मंद, एकाचा खालचा अर्धा पिवळट. वाटलं शटर गेलं. कॅमेरा ठीक होता, दोष दिव्यांचा होता. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे स्वस्त एलईडीचा आणि ट्यूबचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही, शटरला कळतं. १/१०० ठेवलं की एक पूर्ण चढउतार त्यात मावतो आणि सगळे फोटो सारखे येतात. ही लुकलुक ओळखणारी सोय नंतरच्या कॅमेऱ्यांत आली, या दोन्हींत नाही. १/१०० वर मामांचे हात किंचित हलतात. मला ते फार आवडलं. चेहरा स्थिर, डोळे मिटलेले, आणि डावा हात कणीक लावलेल्या धुम्यावर, पखवाजाच्या डाव्या तोंडावर, पडताना धूसर.

डी९० व्हिडिओ घेतो. व्हिडिओ घेणारा तो पहिलाच डीएसएलआर. पण चित्रीकरण चालू असताना फोकस आपोआप धरत नाही आणि आवाज एकपदरी. अभंगासाठी मोबाईल बरा पडला.

रविवारी दोघं परत टेबलाशी बसलो. मी काही बोलायच्या आत तिनं डी९० आपल्याकडं ओढला. "सर, मला हाच पाहिजे. तो तुम्ही मला फुकट दिला तरी माझ्या पक्ष्यांना छोटा पडतोय." त्या दिवशी ती 'कामापुरता' म्हणाली नाही. मी डी७०० साडेसत्तावीसला घेतला. ज्याला लग्न आणि पक्षी दोन्ही एकाच कॅमेऱ्यात हवंय त्यानं मला विचारलं तर मी आजही डी९० सांगेन आणि वरचे पैसे लेन्सला ठेवायला सांगेन. पण मला मंडपातला उजेड हवा होता, आणि मामा या वर्षी म्हणालेत की पुढच्या सप्त्याला बसेन न बसेन.

मामांचा तो धूसर हाताचा फोटो मी मोठा करून नेऊन दिला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "वाजायलाय की रे हा." मामींनी तो देवघराच्या शेजारी लावलाय.

फेब्रुवारीत तिची बॅटरी चारवर गेली आणि सकाळी दोन तासांत मान टाकायला लागली. नवी मागवली होती, ती येईना, आणि पाणी ओसरून पक्षी निघायचे दिवस जवळ आलेले. माझ्याकडं दोन होत्या, त्यातली एक दिली. नाथषष्ठीला दिंड्या पैठणात उतरायच्या आदल्या संध्याकाळी ती परत आणून दिली, पूर्ण चार्ज केलेली, एका कोपऱ्यावर वाळलेल्या गाळाचा बोटभर ठसा. मी तो पुसला नाही, तशीच डी७०० मध्ये घातली.