काकूंचा पाय क्लचपर्यंत पोचेना

आमच्या गाड्यांच्या सीटा शिवायच्या धंद्यात गाडी दुकानात येते, आम्ही गाडीकडे जात नाही. पण एरंडवण्यातल्या त्या काकूंची तक्रारच अशी होती की शिलाई मशीन टेम्पोत टाकून त्यांच्या दारी जावं लागलं. फोनवर म्हणाल्या, "सीट फाटलेली नाही हो मिस्त्री, उलट छान दिसते. फक्त तिच्यावर बसून मला गाडी चालवता येत नाही. पाय क्लचपर्यंत पोचत नाही."

गाडी १९७९ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, गिअर स्टिअरिंगच्या दांडीला आणि पुढे एकच सलग बाक. हा बाक रुळावर सगळाच्या सगळा सरकतो. म्हणजे ड्रायव्हर बुटका असेल तर शेजारचाही त्याच्याबरोबर पुढे येणार. काकू जेमतेम पाच फूट, काका चांगले उंच. काकू गाडी चालवायच्या तेव्हा काकांचे गुडघे डॅशबोर्डला टेकायचे, आणि ते बिचारे तसेच महाबळेश्वरपर्यंत जायचे, हे मला चहा यायच्या आतच कळलं. काका आता नाहीत. काकूंचं वय सत्तरीच्या पुढे, पण भाजी आणायला अजून फियाटच. पद्मिनीला आमच्याकडे सगळे फियाटच म्हणतात.

सीट दोनेक वर्षांपूर्वी पुतण्याने हौसेने करून आणली होती. कुठून, ते सांगायची गरज नाही. काम वरून नीटनेटकं होतं. तपकिरी रेक्झिन, त्यावर डायमंड शिलाई, जी हल्ली नव्या एसयूव्हीत दिसते. पद्मिनीत ती कशी दिसते याबद्दल मला मत आहे, पण गिऱ्हाइकाच्या पुतण्यापुढे ते मी गिळतो.

आधी काकूंना गाडीत बसवलं आणि टाच जमिनीला टेकवून क्लच दाबायला सांगितला. अर्ध्यात आला की टाच उचलायची, पुढे पायाची बोटं ताणूनच पेडल तळाला जायचं. बाक तर रुळाच्या अगदी पुढच्या टोकाला होता. बाजूने बघितलं तेव्हा लक्षात आलं की मांडी गुडघ्याकडे वर उचलली जातेय. बाकाचा पुढचा काठ उंच झाला होता आणि तो मांडीला खालून रेटत होता. पाय लांबीला कमी पडत नव्हता, उंचीत वाया जात होता.

रुळाचे बोल्ट गंजले होते. डिझेल मारून ठेवलं, तेवढ्यात चहा झाला, मग पान्याने सुटले. बाक पोर्चमध्ये सतरंजीवर उलटा घातला. कव्हर खालच्या तारेला लोखंडी रिंगांनी ओवलेलं असतं. त्या कटरने एकेक तोडायच्या. ओढून काढायला गेलं की रेक्झिन फाटतं, आणि जुनं रेक्झिन मला शाबूत हवं असतं, कारण नवीन कव्हर कापायला तोच नमुन्याचा कागद. शिवणी ब्लेडने उसवायच्या, प्रत्येक तुकड्याला नंबर द्यायचा, जिथे दोन तुकडे भेटतात तिथे पेनाने खूण करायची. फक्त जुनं रेक्झिन वापरून वापरून ताणलेलं असतं, म्हणून नवीन थोडं आत घेऊन कापायचं. तंतोतंत त्याच मापाने कापलं तर नव्या सीटला पहिल्या दिवसापासून सुरकुत्या.

डायमंडच्या खाली दोन इंची फोमची सपाट लादी निघाली, सगळ्या बाकावर एकसारखी. तिच्याखाली जुना काथ्या, बारदान आणि गोल स्प्रिंगा. आधीच्या कारागिराने मूळचं काही उचकटलंच नव्हतं. आहे त्यावर लादी चिकटवून दिली होती.

काथ्याचा भुगा उडतो म्हणून तोंडाला रुमाल बांधला. ड्रायव्हरच्या बाजूला हात फिरवला तर काथ्यावर काहीतरी वेगळं लागलं, जाड आणि खरखरीत. सुतळीने, दाभणाने टाके घालून बसवलेली काळी घोंगडी. घडी साधी नव्हती. पाठीकडे चार पदर, मग तीन, मग दोन, आणि पुढच्या काठाला एकच. पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली. टाके ओळीत आणि एकसारख्या अंतरावर. हात कुशनवाल्याचाच होता.

काकूंना हाक मारली. त्या चष्मा पुसत वाकल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, ही तर आमची घोंगडी! किती शोधली होती मी. हे म्हणाले, कुणीतरी उचलून नेली असेल."

मग सगळं बाहेर आलं. गाडी नवीन आली तेव्हा काकूंना बॉनेटच्या पुढचा रस्ता नीट दिसत नव्हता. उशी घेऊन बसायला त्या तयार नव्हत्या. "बाई गाडी चालवते म्हणून सिग्नलला लोक आधीच टकामका बघायचे, त्यात खाली उशी?" एकदा काका एकटेच गाडी घेऊन गेले आणि संध्याकाळी येऊन म्हणाले, स्प्रिंगा आवळून आणल्या. तेव्हापासून काकूंना रस्ता दिसायला लागला. एवढी वर्षं त्या स्प्रिंगांचं कौतुक करत होत्या.

मला कौतुक त्या उताराचं वाटलं. बुटक्या ड्रायव्हरला वर उचलायचं तर बूड उचलायचं, मांडी नाही. पाठीकडे जाडी दिली की डोळा वर जातो. पुढे जाडी दिली की पाय पेडलपासून लांब जातो. सपाट लादीने दोन्ही केलं. वर ड्रायव्हर तर आधीच घोंगडीवर बसलेला.

घोंगडीला कसर लागली होती, परत घालण्यासारखी नव्हती. तिचा उतार पुठ्ठ्यावर काढून घेतला. काथ्यालाही राम राहिला नव्हता. तो काढला, सुटलेल्या स्प्रिंगा तारेने बांधल्या, फ्रेमला रेड ऑक्साईड मारलं. फ्रेम जपावी लागते. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी भंगारात निघत होत्या तोवर दुसरी फ्रेम मिळायची, पण २०२३च्या ऑक्टोबरात त्यातली शेवटचीही रस्त्यावरून गेली.

नवीन बारदान, त्यावर ४० डेन्सिटीचा फोम. दुकानात लोक अंगठा दाबून फोम घेतात आणि डेन्सिटी म्हणजे कडकपणा समजतात. डेन्सिटी म्हणजे वजन. एका घनमीटरला ४० किलो. हलका फोमही कडक मिळतो, पण वर्षाभरात बसतो. उतार कापून झाल्यावर उघडा फोम तसाच गाडीत ठेवला, वर चादर टाकली आणि काकूंना बसवलं. ड्रायव्हरची सीट शिंप्यासारखी अंगावरच मापावी लागते, म्हणून तर घरी आलो होतो. टाच जमिनीवर, क्लच तळाला, गुडघा थोडा वाकलेला. पुढचा काठ अजून जरा खरवडला. पाठीकडे थोडं जास्तच ठेवलं, फोम वापराने दबतो.

अडचण दिसण्याची होती. बाकाची एक बाजू उंच, दुसरी सपाट, आणि वरचं रेक्झिन एकच. मधे खांदा दिसला की गिऱ्हाईक म्हणणार सीट वाकडी झाली. म्हणून उंची ड्रायव्हरच्या बाजूपासून मध्यापर्यंत हळूहळू उतरवत नेली आणि पुढच्या काठाची पाईपिंग, म्हणजे शिवणीतली गोल गोट, सरळ रेषेत ठेवली. नजर तीच रेष धरते.

कव्हर साध्या उभ्या पट्ट्यांचं, काळं. टाका मोठा घेतला. बारीक टाक्याने भोकं जवळजवळ पडतात आणि पुढे रेक्झिन त्याच रेषेवर फाटतं. शिवलेलं कव्हर तासभर उन्हात टाकलं, मऊ झालं. फोमवर पातळ प्लॅस्टिक अंथरलं म्हणजे रेक्झिन अडत नाही, सरकत जातं. मग रिंगा मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे मारत गेलो.

बाक रुळावर चढेपर्यंत दिवेलागण झाली. काकू बसल्या, क्लच दाबला, गिअर टाकला आणि कुणाला काही न विचारता गाडी फाटकाबाहेर काढली. गल्लीला वळसा घालून परत आल्या. तोवर पुतण्या हिंजवडीहून पोचला होता. काळ्या पट्ट्या बघून त्याचा चेहरा उतरला. मागच्या सीटला तरी डायमंड करू या, असं त्याने हळूच मला सुचवलं.

ते काकूंनी ऐकलं. "मागे तू बसतोस, तुला हवं ते कर. पुढे हात लावायचा नाही."