मामाचा टिपर

आज गोव्यात डिचोलीला मामाकडे गेले होते. अंगणाच्या कडेला त्याचा खाणीवरचा टिपर ट्रक अजून उभा. चाकांवर वेल चढलीय, हौद्यात पावसाचं पाणी. चीनला आपलं कमी प्रतीचं लोहखनिज हवं होतं, त्या तेजीत कर्ज काढून घेतलेला. 2012 ला खाणी बंद, 2018 ला पुन्हा बंद. बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही. मग नाक्यावरचं गॅरेज, टायरवाला, चहाचा गाडा, एकेक करून सगळं बंद. खाणींनी शेतं आणि विहिरी नासवल्या, हे मी नाकारत नाही. पण इतक्या घरांना दुसरं काम कुणी दिलं? मामी म्हणाली, "त्या वर्षी चवथीची माटोळी अर्धीच बांधली गो." माटोळी म्हणजे गणपतीवर टांगायची फळा-भाज्यांची चौकट. मामा अजून रोज सकाळी फडक्याने टिपरची काच पुसतो.