जुनी मॅटाडोर, नागपूरचं ऊन

जुन्या मॅटाडोर व्हॅनमधे घर करून राहायचं म्हटलं की सगळे आधी बेड न् किचन पाहतात, पण राजेहो, नागपुरात आधी छत पाहा. पत्रा गंजला असंल तर घासून, प्रायमर मारून मगच इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) लावा, नाहीतर पावसाळ्यात आतल्या आत सडतो. मे महिन्यात इथं पारा 45 च्या वर जातो न् सोलर पॅनल जितकं तापतं तितकी पॉवर कमी देतं, 25 डिग्रीच्या वर दर डिग्रीला साधारण 0.3-0.4 टक्के, म्हणून ते छताला चिकटवू नका, खालून हवा खेळू द्या. एसीचा नाद सोडा. उन्हाळ्यात आपली हवा कोरडी, 12 व्होल्टचा छोटा कूलर मस्त चालतो, त्यात वाळा टाकला तर काय सुंदर वास येतो! आणि बॅटरीच्या प्लसजवळ फ्यूज लावाच, प्लीज.