मंजिरीवरची निळी मधमाशी

भाद्रपदात आमच्या गच्चीवरच्या तुळशींना मंजिऱ्या आल्या की निळ्या पट्ट्यांची एक मधमाशी रोज येते. सातेरी या आपल्याकडच्या पोळं बांधणाऱ्या मधमाशीपेक्षा जाडजूड, छातीवर पिंगट लव, काळ्याभोर पोटावर आकाशी पट्टे. अमेजिला हे तिच्या गटाचं शास्त्रीय नाव. ती पोळं बांधत नाही. मादी एकटीच मातीत बीळ पोखरते आणि तिथे अंडी घालते. गेल्या वर्षी तिचा एक तरी नीट फोटो काढायचाच, असं मी ठरवलं.

पहिले पंधरा दिवस तिच्यामागे नुसती धावले. ती फुलासमोर हवेत थांबते, सोंड पुढे काढते, क्षणभर फुलाला चिकटते की निघालीच. तोवर ऑटोफोकस पुढेमागे घरघरत राहायचा आणि फ्रेममध्ये रिकामी मंजिरी उरायची. चारशेच्या वर फोटो झाले, पण डोळा स्पष्ट असलेला एकही नाही.

मग ऑटोफोकस बंद केला आणि जरा हिशेब मांडला. माझ्या १०० मिमीच्या मॅक्रो लेन्सवर १:१ ला वस्तू आहे तेवढीच सेन्सरवर उमटते. सेन्सर सुमारे २२ मिमी रुंद आणि माशी ११-१२ मिमीची, म्हणजे ती अर्धी फ्रेम भरते. पण एफ/११ ठेवूनही, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान करूनही, स्पष्ट दिसणारी जाडी एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. उडत्या माशीसाठी हा हट्ट कशाला? मी १:२ वर, म्हणजे निम्म्या आकारावर आले. तिथे ही जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास मिळते, आणि घरी फोटो कापून मोठा करता येतो. नवख्यांना मी आधी हेच सांगते.

आता फोकसची रिंग एकदा लावून ठेवते आणि पुन्हा तिला हात लावत नाही. डावं कोपर गुडघ्यावर टेकवायचं आणि अंगानेच केसभर पुढे-मागे व्हायचं. डोळ्यावर चमक दिसली की बटण दाबायचं.

उजेडाचं काम फ्लॅशवर सोपवलं. शटर १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनक्षमता) २००, फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/१६ वर. इतक्या कमी ताकदीवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजारो भागांपैकी एखाद्या भागापुरताच असतो, आणि सेकंदाला शंभराहून जास्त वेळा हलणारे पंख त्यातच थिजतात. उघड्या फ्लॅशने मात्र चकचकीत पोटावर पांढरा चट्टा पडत होता आणि ते आकाशी पट्टे पार धुऊन निघत होते. मी फ्रिजच्या खोक्यातला पांढरा फोम कापला, पुठ्ठ्याच्या पन्हळीवर ताणून बसवला आणि पुढे बटर पेपरचा आणखी एक पदर लावला. हे सगळं लेन्सच्या तोंडापर्यंत पुढे आणलं. पडदा माशीच्या जितका जवळ, तितका प्रकाश मऊ. त्या दिवशी पट्ट्यांचा रंग पहिल्यांदा खरा आला, अगदी मोरपिसाच्या कडेसारखा.

पण सगळ्यात जास्त कामी आलं ते कॅमेरा बाजूला ठेवून बसणं. तीन सकाळी मी फक्त बघत होते. माशी कठड्याजवळच्या कुंडीवर आधी यायची आणि तिथून पाण्याच्या टाकीकडे जायची. मंजिरीवर बहुतेक वेळा खालून वर चढायची. मग मी तिच्या आधीच टाकीजवळ जाऊन बसू लागले. मंजिरी वाऱ्याने डुलू नये म्हणून शेजारी काडी खोचली आणि कपड्याच्या चिमट्याने देठ तिला धरून ठेवला. लेन्स मधल्या फुलावर लावली. आई पाणी घालायला आली की हळूच विचारायची, "आली का गं तुझी पाहुणी?" चौथ्या दिवशी ती आली, सोंड लांब काढून, थेट माझ्या फोकसमध्ये. तो फोटो बघताना माझे हात थरथरत होते.

दुसरा फोटो संध्याकाळच्या फेरीत सापडला. तुळशीच्या वाळक्या काडीवर ओळीने चार माश्या होत्या, जबड्याने काडी चावून धरलेल्या, पाय पोटाशी घेतलेले. नर रात्री असेच झोपतात. सकाळी सव्वासहाला गेले तेव्हा लव दवाने भिजलेली होती आणि कोणी हलत नव्हतं. तिथे मात्र १:१ वर जाऊन, प्रत्येक वेळी किंचित पुढे सरकत वीसेक फोटो घेतले आणि नंतर प्रत्येकातला स्पष्ट भाग घेऊन एकत्र जोडले. कीटक गार पडावा म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवणारे लोक आहेत. मला ते अजिबात पटत नाही. पहाटेचा गारवा ते काम आपोआप करतो आणि जीव आपल्या जागी राहतो.

ऊन काडीवर आलं तशा एकीच्या मिशा हलल्या, मग अंग थरथरू लागलं. पंख मिटलेलेच, पण छाती तापत होती. मिनिटाभरात ती उडाली. बाकीच्या तिघी तशाच होत्या, आणि मी श्वास रोखून पुढचा फोटो घेतला.

यंदा टोमॅटोची दोन रोपं लावली आहेत. ही माशी फुलाला मिठी मारून अंग गुणगुणवते आणि पराग झाडून घेते. परवा पहिली पिवळी कळी दिसली. चिमटा आणि काडी तयार आहे.