जाड कोटिंग म्हणजे मजबूत कोटिंग? छे!

कार्बन फायबरच्या पॅनलवर सिरॅमिक कोटिंग करायचंय म्हटलं की प्रत्येकजण हेच विचारतो, अरे पण इपॉक्सी (कार्बनचे धागे धरून ठेवणारं रेझिन) जळणार नाही का? शंका रास्त आहे, अ‍ॅल्युमिना, म्हणजे फवारायचं सिरॅमिक, वितळतं २०७२ डिग्री सेल्सिअसला आणि इपॉक्सी दीडशेच्या आसपासच मऊ पडायला लागतं. पण उष्णतेचं जमतं हो कसंतरी. प्लाझ्मा स्प्रेमधे, म्हणजे अतितप्त वायूच्या झोतातून फवारताना, वितळलेले कण एवढेएवढेसे, पॅनलवर आपटून चपटे झाले की लगेच गार पडतात, फक्त गन एका जागी थांबू द्यायची नाही आणि हवेचा झोत चालू ठेवायचा. हां, पॅनल आधी ओव्हनमधे नीट वाळवून घ्यायचं, नाहीतर आत मुरलेल्या ओलाव्याची वाफ होऊन फोड येतात.

मला रडवलं ते जाडीने. टिकायला हवं म्हणून मी चांगला जाडजूड थर दिला, दिसायला एकदम झकास, आणि गार झाल्यावर खपली निघावी तसा सुटून आला! उलटून बघितलं तर मागे इपॉक्सी चिकटलेलं. म्हणजे पकड पक्की होती, फाटलं ते खालचं रेझिन.

कारण असं की एक डिग्री तापमान वाढलं की अ‍ॅल्युमिना दहा लाखात साधारण ८ भाग फुगतं, इपॉक्सी ५०-६०, आणि कार्बनचा धागा लांबीच्या दिशेने जवळपास शून्य, उलट किंचित आखडतोच. या ओढाताणीत थर सोलून काढणारी ऊर्जा जाडीबरोबर वाढते, ताण तेवढाच असला तरी थर दुप्पट केला की ऊर्जा दुप्पट.

मधे अ‍ॅल्युमिनियमचा बाँड कोट, म्हणजे दोघांना जोडणारा थर, देतात, चांगला उपाय आहे, पण कार्बनला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात गंजतं हे कुणी आधी सांगत नाही. आणि पकडीसाठी पृष्ठभाग खरखरीत करायचं ग्रिट ब्लास्टिंग (कणांचा मारा) जरा जोरात झालं की धागेच तुटतात, त्यापेक्षा पील प्लाय (पॅनल बनवताना वर लावलेलं, नंतर सोलून काढायचं कापड) ओढून मिळणारा खरखरीतपणा मला बरा वाटतो.

घासणं-झिजणं सोसायचं असेल तर जाडी लागतेच, तिथे आधी साच्यावर सिरॅमिक फवारून मग त्यावरच लेअप करायची, म्हणजे कार्बन-इपॉक्सीचे थर रचायची, युक्ती आहे. पण नुसता आडोसा हवा असेल तर पातळच बरं. इंटरनॅशनल स्पेस स्टेशनच्या सोलर पंखांतल्या कॅप्टॉन नावाच्या पॉलिमर फिल्मवर सिलिकॉन ऑक्साइडचा थर फक्त १३० नॅनोमीटरच्या आसपास आहे, अणुरूप ऑक्सिजनपासून (तिथल्या उंचीवरचे सुटे ऑक्सिजन अणू) वाचवायला. मात्र एवढ्या पातळ थरात धुळीचा एक कण अडकला तरी पिनहोल, म्हणजे सुईच्या टोकाएवढं भोक, पडतं, आणि ऑक्सिजन तिथून शिरून वरचा थर तसाच ठेवून खालचं पॉलिमर पोखरतो. त्यामुळे हल्ली माझा निम्मा वेळ कोटिंगमधे नाही, पुसण्यात जातो.