नुंदकोलचा ट्राउट: जाणार असाल तर वाचा

काश्मीरमधल्या नारानाग गावाहून चढायला लागलं की ट्राउट मासा-बिसा सगळं डोक्यातून जातं, कारण पहिला टप्पा म्हणजे देवदारांच्या जंगलातली उभी चढण. एकूण साधारण १,२०० मीटर वर जायचंय, त्यामुळे सामान घोड्यावर टाका, नसता शहाणपणा नको. वर हरमुख शिखराच्या पायथ्याशी दोन तळी, मोठं गंगाबल आणि खाली छोटं नुंदकोल. गंगाबल काश्मिरी पंडितांचं तीर्थ, भाद्रपदात यात्रा असते, लोक तिथे अस्थी विसर्जन करतात, म्हणून आम्ही गळ फक्त नुंदकोलला टाकला. नियम आहे म्हणून नाही, मनाला पटलं नाही इतकंच.

आता मेन मुद्दा. आपल्याकडे धरणावर कणकेचा गोळा लावून लांब फेकायचा आणि गप्पा हाणत बसायचं, ते इथे विसरा. ट्राउट शिकारी मासा, हलणाऱ्या गोष्टीवर झडप घालतो. आणि तो तळ्याच्या मधोमध नसतो हो! गंगाबलचा ओढा जिथे नुंदकोलमध्ये उतरतो तिथे थंड, ऑक्सिजनवालं पाणी आणि वाहत आलेले किडे, सगळं आयतं मिळतं, त्यामुळे मासा काठापासून चार-पाच हातांवरच उभा असतो आणि लोक त्याच्या डोक्यावरून पलीकडे गळ फेकत बसतात. काठावर ताठ उभं राहिलात की सावली पडते आणि तो गायब. खाली बसून, प्रवाहाला तिरका, लहानसा स्पिनर (गोल फिरणारं चकचकीत पातं असलेलं खोटं आमिष) टाकायचा आणि सावकाश गुंडाळायचा. पोलराइज्ड गॉगल असेल तर पाण्यातला मासा चक्क दिसतो.

वेळ पहाटेची, नाहीतर ऊन उतरल्यावरची. दुपारी झोपा काढा.

आम्हाला मिळाले ते सगळे ब्राउन ट्राउट, वीतभर किंवा थोडे मोठे, अंगावर लाल ठिपके आणि त्याभोवती फिकट कडं, अगदी कोणीतरी ब्रशने काढल्यासारखं. मूळचे इथले नव्हेत, इंग्रजांनी १९०० च्या आसपास बाहेरून आणून सोडलेले. छोटे सोडून द्या, पण हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि मासा नंतर मरतो. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाका, पटकन सुटतो. खवले इतके बारीक की खरवडायची गरजच नाही, पोट साफ करून हळद-मीठ लावून मोहरीच्या तेलात टाकला की झालं.

परमिट मत्स्य विभागाकडून श्रीनगरलाच काढून घ्या, वर काही मिळत नाही. किती मासे ठेवता येतात तेही तिथेच विचारा. ओळखपत्र जवळ ठेवा, चेकिंग होतं. जुलै ते सप्टेंबर ठीक, पण रात्री जुलैतही कुडकुडायला होतं, तेव्हा स्लीपिंग बॅग चांगली हवी. आणि गळ, स्पिनर, पकड सगळं चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत असेल तर एअरपोर्टवरच काढून घेतील.